तारीख ठरलेल्या पैशासाठी टी-बिल: बँकेतून घ्यायचं कसं

ज्या पैशाला आधीच तारीख लागलेली आहे, तेवढ्याच पैशासाठी टी-बिल (ट्रेझरी बिल, म्हणजे केंद्र सरकारला थोड्या मुदतीसाठी दिलेलं कर्ज) घ्यावं, असं माझं सरळ मत आहे. जुलैत मुलीच्या कॉलेजची फी भरायचीय, दिवाळीनंतर बिल्डरचा पुढचा हप्ता आहे, सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळा संपल्यावर करायचं ठरलंय, असा पैसा. श्रीमंत व्हायला कुणी टी-बिल घेत नाही. तसं सांगून कुणी विकत असेल तर चहा न पिता उठून यावं.

मी एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा स्वतःचा पैसा गुंतवणाऱ्या विभागात, फोर्टातल्या बॅक ऑफिसात, बरीच वर्षं काढली. बुधवारी सकाळी टी-बिलाच्या लिलावाची धांदल असायची. बोल्या कोटींच्या, आणि त्या लावणारे आमच्यासारख्याच दुसऱ्या बँकांतले लोक. बाहेरच्या साध्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध येईल असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आता दहा हजार रुपयांपासून कुणालाही घेता येतं. पण शाखेत जाऊन "मला टी-बिल घ्यायचंय" म्हणून बघा. काउंटरवरची मुलगी भांबावते, आत जाऊन येते आणि म्युच्युअल फंडाचा नाहीतर विमा पॉलिसीचा फॉर्म पुढे करते. सांगलीला आमच्या वन्संचंही असंच झालं. प्लॉट विकल्याचे पैसे बचत खात्यात लोळत होते आणि मुलाच्या फीला अजून काही महिने होते. त्यांना फोनवर जे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते इथे एका जागी लिहिते आहे.

आधी वस्तू ओळखून घ्या

केंद्र सरकारला थोड्या दिवसांसाठी पैसा लागतो, तो रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीने ही बिलं विकून उभा करते. आपल्याकडे ट्रेझरी बिलं १९१७ पासून आहेत. आजच्या मुदती तीनच: ९१ दिवस, १८२ दिवस, ३६४ दिवस. व्याज वेगळं जमा होत नाही. शंभराचं बिल अठ्ठ्याण्णव रुपये काही पैशांना घ्यायचं, मुदत भरली की शंभर मिळतात. मधला फरक ती कमाई. हातात कागद येत नाही, खात्यात नोंद होते. देणं भारत सरकारचं आणि तेही रुपयात, त्यामुळे पैसे बुडण्याची भीती इथे आणायचं कारण नाही. राज्य सरकारं टी-बिलं काढत नाहीत. महाराष्ट्राचे रोखे असतात, पण ते लांब मुदतीचे. तो विषय वेगळा.

एक गोष्ट मला या बिलांत फार आवडते. ९१ म्हणजे बरोबर १३ आठवडे, १८२ म्हणजे २६, ३६४ म्हणजे ५२. लिलाव बुधवारी होतो, पैसे आणि बिल यांची देवाणघेवाण गुरुवारी. त्यामुळे गुरुवारी सुरू झालेलं बिल गुरुवारीच सुटतं. कॅलेंडर घेऊन बसलं की सगळं उलटं मोजता येतं.

समजा, १० जुलै २०२६ ला, शुक्रवारी, ३ लाखांची फी भरायची आहे. आदला गुरुवार ९ जुलै. त्याच्या १३ आठवडे मागे गेलं की ९ एप्रिल, तोही गुरुवार. म्हणजे लिलाव ८ एप्रिलच्या बुधवारी आणि आपली बोली त्याच्याही आधी आत गेलेली हवी. मी सांगेन की एवढं चिकटून बसू नका, एक आठवडा अलीकडचं बिल घ्या. २ जुलैला सुटणारं घेतलं तर आठवडाभराचं व्याज जाईल, पण बँकेत काही अडलं तर ते निस्तरायला वेळ राहील. फीच्या आदल्या दिवशी पैसे येणार यावर रात्रीची झोप घालवण्याइतका हा फायदा मोठा नाही.

बुधवारी सुट्टी आली की लिलावाचा दिवस हलतो. मुदतीच्या दिवशीच सुट्टी निघाली तर पैसे आदल्या कामकाजाच्या दिवशी मिळतात, नंतर नाही. हे आपल्या सोयीचंच आहे. कुठल्या आठवड्यात किती रकमेची बिलं निघणार याचं वेळापत्रक रिझर्व्ह बँक तिमाही सुरू होण्याआधी जाहीर करते. ते संकेतस्थळावर असतं, डाउनलोड करून ठेवावं.

बोली लावायची म्हणजे भाव ठरवायचा नाही

लिलाव म्हटलं की लोक दचकतात. बँका, प्रायमरी डीलर (सरकारी रोख्यांचे रिझर्व्ह बँकेने नेमलेले मोठे व्यापारी), म्युच्युअल फंड हे भाव लावून बोली देतात. आपण फक्त रक्कम सांगायची: "मला ३ लाखांची ९१ दिवसांची बिलं द्या." याला नॉन-कॉम्पिटिटिव्ह बोली म्हणतात. मोठ्यांच्या ज्या बोल्या मान्य झाल्या, त्यांच्या सरासरी भावाने आपल्याला बिलं मिळतात. वाशीच्या मार्केटात हापूसच्या पेटीचा भाव मोठे व्यापारी ठरवतात आणि आपण त्याच दिवशीच्या दराने दोन पेट्या घेऊन घरी येतो, तसंच.

अशा किरकोळ गुंतवणूकदारांसाठी जाहीर रकमेच्या जास्तीत जास्त ५ टक्के राखून ठेवलेले असतात. मागणी त्याहून जास्त आली तर प्रत्येकाला प्रमाणात कमी मिळतं. रक्कम दहा हजारांच्या पटीत हवी. एका लिलावात एका माणसाने एकच बोली लावायची. दोन बँकांतून दोन बोल्या लावायची हुशारी करू नका, एकच बोली आहे असं तुमच्याकडून लिहून घेतलेलं असतं.

वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी "९१ दिवसांच्या टी-बिलाचा दर अमुक टक्के" असं छापून येतं. तो कट-ऑफ दर, म्हणजे शेवटच्या मान्य बोलीचा. आपल्याला मिळतो तो सरासरी भाव, जो त्याहून किंचित महाग असू शकतो. म्हणून आपला परतावा पेपरातल्या आकड्यापेक्षा एखाद-दोन शतांश टक्के कमी दिसला, तर बँकेने कापला असं समजून भांडायला जाऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या निकालपत्रकात दोन्ही भाव दिलेले असतात. जुळवून पाहायचा तो वेटेड ॲव्हरेज प्राइस, म्हणजे हाच सरासरी भाव.

बँकेत जाऊन काय विचारायचं

शेड्यूल्ड बँका आणि प्रायमरी डीलर यांना किरकोळ गुंतवणूकदारांच्या बोल्या एकत्र करून रिझर्व्ह बँकेकडे द्यायची मुभा आहे. पतसंस्थेत ही सोय नसते, तिथे विचारू नका. सगळ्या बँका ही सेवा मनापासून देतात असंही नाही. काहींनी त्यासाठी स्वतंत्र पोर्टल केलं आहे. आयडीबीआय बँकेचं समृद्धी जी-सेक पोर्टल हे त्यातलं जुनं उदाहरण. काही बँका नेटबँकिंगमधून किंवा आपल्या ब्रोकिंग कंपनीकडून हे काम करतात. बाकीच्या ठिकाणी शाखेला काही माहीतच नसतं. त्यात शाखेचा दोष नाही. हे काम मुख्यालयाच्या ट्रेझरीत चालतं आणि शाखेतल्या माणसाला वर्षानुवर्षं त्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून तोंडी विचारू नका. ईमेल करा आणि नेमके हे शब्द वापरा, म्हणजे ते योग्य टेबलावर पोचतं:

"टी-बिलांच्या प्राथमिक लिलावात रिटेल गुंतवणूकदारासाठी नॉन-कॉम्पिटिटिव्ह बोली लावण्याची सेवा आपली बँक देते का? बिलं गिल्ट खात्यात ठेवली जातात की डीमॅटमध्ये? शंभर रुपये दर्शनी मूल्यामागे आकार किती पैसे आहे? गिल्ट खात्याचा वार्षिक आकार वेगळा आहे का? बोलीसाठी शेवटची वेळ कोणती?"

उत्तर आलं की पुढचं सोपं आहे. पॅन, केवायसीची कागदपत्रं, गिल्ट खातं उघडण्याचा अर्ज, त्या बँकेतलं बचत खातं. गिल्ट खातं म्हणजे सरकारी रोख्यांसाठी बँकेने तुमच्या नावाने ठेवलेलं खातं. बँक स्वतः ग्राहकांची सगळी बिलं रिझर्व्ह बँकेतल्या एका वेगळ्या खात्यात ठेवते, त्याला सीएसजीएल म्हणतात. ते बँकेच्या स्वतःच्या मालमत्तेत मिसळलेलं नसतं, हे मुद्दाम सांगते, कारण "बँक बुडाली तर माझं बिल गेलं का" हा प्रश्न वन्संनी पहिल्याच मिनिटाला विचारला होता. नाही जात.

बोलीच्या दिवशी खात्यात पैसे हवेत. भाव आधी माहीत नसतो, म्हणून बँक जरा जास्त रक्कम अडवून ठेवते आणि लिलावानंतर उरलेली सोडते. त्यामुळे ३ लाखांच्या बिलांसाठी खात्यात ३ लाख ठेवून द्यावेत, २ लाख ९६ हजारांवर बेतून चालू नये. लिलाव बुधवारी सकाळी असतो, पण बँका आपल्या ग्राहकांच्या बोल्या बहुधा आदल्या दिवशीच बंद करतात. मंगळवारी दुपारपर्यंत काम उरकलेलं बरं.

नंतर जे कागद येतील ते जपा: मंजूर रक्कम, भाव, आकार, मुदतीची तारीख आणि आयएसआयएन क्रमांक, म्हणजे त्या बिलाचा ओळख क्रमांक. या क्रमांकात एक्स अक्षर असेल तर बिल ९१ दिवसांचं, वाय असेल तर १८२ आणि झेड असेल तर ३६४ दिवसांचं. मुदत चुकीची पडली असेल तर या एका अक्षरावरून लगेच कळतं.

सहा पैशांचा हिशोब

ही सेवा देणाऱ्याला शंभर रुपयांमागे जास्तीत जास्त सहा पैसे आकारता येतात. सहा पैसे ऐकून सगळे हसतात. लाखाला ६० रुपये, त्यात काय एवढं? पण हे ६० रुपये वर्षाला नाहीत, दर वेळेला आहेत. आणि ९१ दिवसांच्या बिलात कमाईच मुळात दीड रुपयाच्या आसपास असते.

हिशोबापुरता ९१ दिवसांच्या बिलाचा भाव ९८.६० धरू. ३ लाखांच्या बिलांना २,९५,८०० रुपये लागतील, कमाई ४,२०० रुपये. परतावा काढायची रीत: शंभर वजा भाव, त्याला भावाने भागा, मग ३६५ भागिले दिवस यांनी गुणा. १.४० भागिले ९८.६०, गुणिले ३६५ भागिले ९१. उत्तर ५.७० टक्के. आता सहा पैसे मिळवा, भाव झाला ९८.६६. परतावा उतरला ५.४५ टक्क्यांवर. म्हणजे पाव टक्का गेला. १८० रुपयेच गेले, पण ४,२०० मधले गेले.

तेच ३६४ दिवसांच्या बिलात बघा. भाव ९४.६० धरला तर परतावा ५.७२ टक्के. सहा पैसे मिळवून ९४.६६ झाला तर ५.६६ टक्के. फरक जेमतेम जाणवतो. त्यामुळे माझा सल्ला असा: बँक पूर्ण सहा पैसे घेत असेल तर ९१ दिवसांची बिलं तिच्याकडून पुन्हा पुन्हा घेऊ नका. सहा महिने किंवा वर्षभराचा पैसा असेल तर चालेल. आणि गिल्ट खात्याला वार्षिक आकार असेल तर तोही याच हिशोबात धरा. पन्नास हजारांच्या बिलासाठी शे-दोनशे रुपयांचा वार्षिक आकार म्हणजे कमाईतला मोठा घास.

आणखी एका ठिकाणी डोळे उघडे ठेवा. कधी कधी बँक तुमची बोली लिलावात लावण्याऐवजी स्वतःच्या साठ्यातलं जुनं बिल तुम्हाला विकते. त्यात बेकायदा काही नाही आणि कधी ते सोयीचंही असतं, कारण तुम्हाला हव्या त्या तारखेला सुटणारं बिल त्यात मिळून जातं. पण तिथे भाव बँक सांगते. म्हणून आधी विचारा: "हे लिलावातलं आहे की तुमच्याकडचं?" साठ्यातलं असेल तर उरलेले दिवस मोजा, वरच्या रीतीने परतावा काढा आणि त्याच आठवड्याच्या लिलावाच्या निकालाशी ताडून पाहा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बँकेने नाही म्हटलं तर

मग रिझर्व्ह बँकेचं रिटेल डायरेक्ट आहे, म्हणजे साध्या माणसाला सरकारी रोखे थेट घेता येतील असं ऑनलाइन खातं. १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झालं. खातं उघडायला, चालवायला आणि बोली लावायला काही आकार नाही, त्यामुळे वरचे सहा पैसे वाचतात. पॅन, मोबाइल, ईमेल आणि एक बचत खातं लागतं. बँकेची गरज इथेही आहे, पण फक्त पैसे देण्याघेण्यापुरती. यूपीआयनेही पैसे भरता येतात. त्यासाठी यूपीआयची मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढवलेली आहे, तरी तुमच्या बँकेची स्वतःची मर्यादा कमी असू शकते. मोठी रक्कम असेल तर नेटबँकिंग वापरा. २०२४ च्या मे महिन्यात मोबाइल ॲप आलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये टी-बिलांसाठी आपोआप बोली लावण्याची आणि सुटलेली रक्कम पुन्हा गुंतवण्याची सोयही जाहीर झाली.

मग बँकेकडे जायचंच कशाला? ज्याला स्क्रीनवर एकट्याने बसून फॉर्म भरणं जमतं, त्याने खरंच जाऊ नये, असं मी बँकेतली असूनही सांगते. पण आमच्या वन्संसारखी माणसंही आहेत. त्यांना समोर माणूस हवा, पासबुकात नोंद हवी, फोन केला तर ओळखीचा आवाज हवा. त्यासाठी पाव टक्का देणं त्यांना महाग वाटत नाही आणि मलाही त्यात काही गैर वाटत नाही. परदेशातल्या मराठी मंडळींना दोन्ही वाटा खुल्या आहेत, अनिवासी भारतीयांना टी-बिलं घेता येतात. त्यांनी मात्र जोडलेलं खातं एनआरई आहे की एनआरओ, हे आधी ठरवावं, कारण मुदत भरल्यावर पैसे त्याच खात्यात येणार.

डीमॅट असेल तर तिसरी वाटही आहे, शेअर बाजारांच्या मंचावरून ब्रोकरमार्फत बोली लावायची. तीत आकार ब्रोकरप्रमाणे बदलतो. बाकी रीत तीच.

एफडी की टी-बिल

याचं एकच उत्तर नाही. मुदत बघा.

तीन महिन्यांच्या एफडीला मोठ्या बँका बहुतेक वेळा टी-बिलापेक्षा कमी देतात. तुमच्या ठेवीतल्या पैशातून बँका स्वतः हीच बिलं आणि सरकारी रोखे घेत असतात. ठेवींच्या सुमारे १८ टक्के पैसा अशा रोख्यांत ठेवणं त्यांना कायद्याने भागच आहे. सहा महिन्यांच्या आतल्या एफडीवर सरळव्याज असतं, त्यामुळे टी-बिलाच्या परताव्याशी आकडा सरळ ताडता येतो.

वर्षभराच्या एफडीत चित्र उलटू शकतं. तिथे व्याज तिमाही चक्रवाढ असतं. ६.५० टक्क्यांची एफडी वर्षअखेर ६.६६ टक्के देते आणि ज्येष्ठांना वर आणखी अर्धा टक्का मिळतो. टी-बिलात ज्येष्ठ-कनिष्ठ असं काही नाही. शिवाय जुन्या करप्रणालीत ज्येष्ठांना बँकेच्या व पोस्टाच्या व्याजावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, ती टी-बिलाच्या कमाईला लागू नाही. सत्तरीतल्या माणसाला वर्षभरासाठी ४ लाख ठेवायचे असतील, तर मी त्याला चांगल्या बँकेची एफडीच सांगेन.

४ लाख म्हटलं ते मुद्दाम. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला व्याजासकट ५ लाखांपर्यंत. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर आणि २०२५ च्या फेब्रुवारीत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा मुंबई-ठाण्यात या मर्यादेचा अर्थ पुष्कळ घरांना नव्याने कळला. घर विकून आलेले ६० लाख पुढचं घर घेईपर्यंत पाच महिने कुठे ठेवायचे, हा प्रश्न असेल तर टी-बिलाला तोड नाही. दहा बँकांत पैसे वाटत फिरण्यापेक्षा ते सोपं आहे.

टी-बिलाच्या कमाईवर टीडीएस मात्र कापला जात नाही. ऐकायला छान वाटतं, पण कर माफ नाही. कमाई उत्पन्नात मिळवायची आणि आपल्या स्लॅबने कर भरायचा. वरच्या उदाहरणातल्या ४,२०० वर २० टक्के स्लॅबच्या माणसाचे ८४० रुपये गेले, सेस वेगळा. एफडीत बँक कापून घेते म्हणून आठवण राहते, इथे आपणच वहीत लिहून ठेवायचं. रक्कम मोठी असेल तर आगाऊ कराचे हप्तेही बघावे लागतात. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना त्यातून सूट आहे. फेब्रुवारीत घेतलेलं ९१ दिवसांचं बिल मे महिन्यात सुटतं, म्हणजे कमाई पुढच्या आर्थिक वर्षात जाते. ज्याचं यंदाचं उत्पन्न फुगलेलं आहे आणि जो मार्चमध्ये निवृत्त होतोय, त्याने आपल्या सीएला हे जरूर विचारावं.

मधेच पैसे लागले तर

एफडी मोडता येते, टी-बिल मोडता येत नाही. विकावं लागतं. बाजारात रोज कोट्यवधींची बिलं विकली जातात, पण ती मोठ्या लॉटची. तुमच्या पन्नास हजारांच्या बिलाला गिऱ्हाईक मिळेल, पण भाव त्याच्या मर्जीचा असेल. बँकेमार्फत घेतलं असेल तर बँक परत घेते का आणि कुठल्या भावाने, हे घेतानाच विचारून ठेवा. व्याजदर मधल्या काळात वाढले असतील तर विकताना कमाईतला काही भाग जाईल. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, तारीख ठरलेला पैसा. अडीअडचणीचा पैसा बचत खात्यात किंवा मोडता येणाऱ्या एफडीत राहू द्या.

रक्कम मोठी असेल आणि तारखा वेगवेगळ्या असतील तर एकाच बिलात घालू नका. वन्संचे पैसे आम्ही असेच वाटले. पहिल्या सत्राच्या फीपुरतं ९१ दिवसांचं, दुसऱ्या सत्रासाठी १८२ दिवसांचं, आणि वसतिगृहाची अनामत नक्की कधी भरायची हे कॉलेजच सांगत नव्हतं म्हणून ती साध्या एफडीत.

बिल पुन्हा घेताना

बिल गुरुवारी सुटतं, पण त्या आठवड्याचा लिलाव बुधवारीच होऊन गेलेला असतो. सुटलेल्या पैशाने नवं बिल घ्यायचं तर पुढच्या बुधवारपर्यंत थांबावं लागतं आणि पैसा आठवडाभर बचत खात्यात बसतो. ९१ दिवसांच्या बिलात दर वेळी असं झालं तर ९८ दिवसांत ९१ दिवसांचीच कमाई होते. ५.७० टक्क्यांचे ५.२९ होतात, वर त्या आठवड्याचं बचत खात्याचं किरकोळ व्याज. यावर उपाय सोपा आहे, पण हाताशी दुसरा पैसा हवा: मंगळवारी बचत खात्यातल्या इतर पैशातून नव्या बिलाची बोली लावायची आणि गुरुवारी जुनं बिल सुटलं की तो खड्डा भरून काढायचा. ज्यांच्याकडे तेवढी शिल्लक नसते, त्यांनी ९१ दिवसांची बिलं फिरवत बसण्यापेक्षा सरळ १८२ किंवा ३६४ दिवसांचं घ्यावं.

मुदत भरल्यावर काही अर्ज करावा लागत नाही, पैसे जोडलेल्या खात्यात आपसूक येतात. अट एवढीच की ते खातं चालू हवं. बिल हातात असताना बचत खातं बंद करायचं किंवा दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल, तर आधी गिल्ट खात्याला जोडलेला खाते क्रमांक बदलून घ्या आणि बदल झाल्याची लेखी पोच मिळेपर्यंत जुनं खातं सुरू ठेवा. नामांकनही इथे वेगळं भरायचं असतं, बचत खात्यावर नाव लावलेलं आहे म्हणून ते इकडे लागू होत नाही. रिटेल डायरेक्टमध्ये दोन नावं देता येतात. बँकेच्या गिल्ट खात्याच्या अर्जात नामांकनाचा रकाना असतो आणि शाखेतला माणूस सहीच्या घाईत तो बऱ्याचदा कोरा सोडतो, तेवढा समोर बसून भरून घ्या.